घर भाड्याचे, जागा गाडीची

मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क, बिबवेवाडी अशा भागांत जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला, की अनेक व्यापारी कुटुंबांना दोन-तीन वर्षांसाठी भाड्याचे घर शोधावे लागते. मार्केट यार्डातील पेढी सांभाळणारे कर्ते, दुचाकीवरून कॉलेजला जाणारी मुले आणि रोज देरासरात किंवा स्थानकात जाणारी वडीलधारी मंडळी, या सर्वांची सोय पाहायची असते. खोल्या, लिफ्ट, शेजार बारकाईने पारखले जातात. गाडीचा प्रश्न मात्र ‘पार्किंग आहे ना?’ एवढ्यावर आटोपतो.

‘आहे’ या उत्तरात चार निराळी विधाने दडलेली असतात. इमारतीला पार्किंग आहे. घरमालकाच्या वाट्याला त्यातील जागा आहे. ती आज रिकामी आहे. आणि भाडेकरूने ती वापरण्यास सोसायटीची हरकत नाही. चौथे विधान खरे ठरेपर्यंत जागा मिळाली, असे समजू नये.

याला कायद्याची बाजू आहे. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले, की इमारतीखालील स्टिल्टची जागा सामाईक असून बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्यामुळे जुन्या इमारतींत वाटप सोसायटीच्या हाती असते. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर चिठ्ठ्या टाकून ती वर्षापुरती दिली जाते. यंदा मालकाला लाभलेली जागा पुढील वर्षी त्याची असेलच, असे नाही. आणि जे मालकाचे नाही, ते तो भाडेकरूस देऊ शकत नाही. नव्या प्रकल्पांत ‘महारेरा’ने 2024 मध्ये पार्किंगची लांबी, रुंदी, उंची व नेमके ठिकाण विक्री कराराला जोडणे आवश्यक केले. अशा घराच्या मालकाकडे तो कागद पाहण्यास मागण्यात संकोच नसावा.

पेढीवरचा उधारीचा व्यवहार तोंडी ठेवू नये, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याच करारात जागेचा क्रमांक, वाहनांची संख्या, पार्किंगचे शुल्क कोणी भरायचे आणि मुदतीत जागा गेल्यास भाडे किती कमी होईल, हे चार मुद्दे लिहून घ्यावेत. सोबत सोसायटीचे संमतिपत्र असावे.

कागदाइतकीच प्रत्यक्ष पाहणी महत्त्वाची. दुपारी रिकामे दिसणारे आवार रात्री नऊनंतर पाहावे. शक्य तर स्वतःची गाडी नेऊन लावून, वळवून पाहावी. इनोव्हा क्रिस्टासारखी गाडी सुमारे पावणेपाच मीटर लांब असते. खांबांमधील लहान जागेत ती बसली, तरी दार उघडेलच असे नाही. यांत्रिक पार्किंग असेल तर उंचीची आणि वजनाची मर्यादा आधी विचारावी.

जागा नसल्याची किंमत बहुधा घरातील ज्येष्ठ मोजतात. रस्त्यावर सम-विषम तारखेची पी-1, पी-2 पाटी पाहून गाडी दूर लावावी लागते आणि गुडघ्यांनी थकलेल्या आजीचे दर्शनाला जाणे हळूहळू सुटते. घाईत शेजाऱ्याच्या जागेत गाडी उभी करणे हे तर, लहान वाटले तरी, अदत्तादानच.

म्हणून हा विषय घर पाहण्याच्याही आधी निघावा. पुनर्विकासाच्या करारात विकसक बहुधा चौरस फुटांवर भाडे ठरवतो. गाडीच्या जागेचा खर्च त्यात धरला आहे का, हे सभासदांनी सही करण्यापूर्वी विचारावे. घर रिकामे केल्यानंतर तो प्रश्न विचारण्याचे बळ उरत नाही.