पन्नास पिढ्यांची भूक आणि दोन पिढ्यांचे जेवण

"दोन पिढ्या सवलती घेतल्या, आता आणखी किती?" हा सवाल आम्हाला चहाच्या टपरीपासून विद्वानांच्या परिसंवादापर्यंत सर्वत्र ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांनी एकदा पुण्याच्या उंदरांची हकीकत वाचावी.

२०१५ साली 'सेल मेटाबॉलिझम' या नियतकालिकात पुणे आणि सिडनी येथील शास्त्रज्ञांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. आनंदवर्धन हर्डीकर हे त्यातले प्रमुख. त्यांनी अभ्यासलेले उंदीर थोडेथोडके नव्हे, तब्बल ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेले होते. त्यांची पिल्ले लहानखुरी जन्मत. रक्तात बी१२ जीवनसत्त्व कमी, इन्सुलिन मात्र जास्त. स्ट्रेप्टोझोटोसिन हे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारणारे रसायन. ते दिल्यावर, पोटभर खाणाऱ्या उंदरांच्या तुलनेत या उंदरांना मधुमेह होण्याची शक्यता आठपट निघाली. मग पुढच्या दोन पिढ्यांना नेहमीचे पुरेसे खाद्य दिले. तरीही बिघाड दुरुस्त झाला नाही!

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्हालाही कळते. प्रयोगशाळेतला निष्कर्ष जसाच्या तसा वस्तीवर लावता येत नाही. पण दोन पिढ्यांचा हिशेब मांडणाऱ्यांनी निदान आपला हिशेब कोणत्या शास्त्रावर उभा आहे ते सांगावे.

येथे एक सापळाही आहे. "म्हणजे दोष तुमच्या रक्तातच," असे म्हणायला मनुवादी मंडळी टपलेलीच असतात. मुळीच नाही. पुण्याच्या उंदरांत बदल दिसला तो इन्सुलिनच्या जनुकाभोवतीच्या प्रथिनांवरील रासायनिक खुणांमध्ये. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉटरलँड आणि जर्टल यांनी २००३ साली पिवळ्या उंदरांवर केलेला प्रयोग तर प्रसिद्धच आहे. या जातीत पिवळा रंग आणि लठ्ठपणा, मधुमेह हातात हात घालून येतात. गरोदर माद्यांना फॉलिक ॲसिड, बी१२, कोलीन आणि बीटेन दिले, तेव्हा तपकिरी पिल्लांचे प्रमाण वाढले. जनुके तीच, ताट बदलले. जातीला वंशशुद्धीचा शास्त्रीय आधार देऊ पाहणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ सालीच घेतला होता.

आता माणसांकडे येऊ. पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर मातांचा डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी१२ कमी आढळले. ज्या मातांत बी१२ कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हते. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. आणि बी१२ कशात असते? मांस, मासे, अंडी, दूध. पालेभाजीत आणि वरणात ते मिळत नाही.

असे असताना महाराष्ट्रात काय घडले? नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. एक अंडे! तेवढ्यानेही काहींचा धर्म बुडू लागला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले. ज्या वस्तीत रोजंदारीवर चूल पेटते, तेथे वर्गणी कोणी काढायची?

आमच्या वाचकांनी आपापल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत हा विषय मांडावा, अंड्याच्या निधीचा ठराव करून घ्यावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी. पोचपावती मात्र विसरू नये.