हितचिंतकांची कात्री

ग्रंथाची मुस्कटदाबी म्हटली की सरकारी हुकूम, जप्ती आणि पोलीस हेच चित्र आमच्या सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. गेल्या आठवड्यात आम्ही तीन जुनी पुस्तके पुन्हा वाचली आणि आमचे मत असे झाले, की ग्रंथकाराने सरकारपेक्षा स्वपक्षाच्या मंडळींसच अधिक भ्यावे.

जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. 'दीनबंधू' पत्राने त्याची पहिली दोन प्रकरणे छापली आणि हात आखडता घेतला. संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे काही सनातनी नव्हते. सत्यशोधक चळवळीतलेच होते!

डॉ. आंबेडकरांची गोष्ट तर याहून बोधप्रद. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांस परिषदेचे अध्यक्ष नेमले. भाषणाचा मसुदा पाहताच मंडळी गडबडली. वेदांचा उल्लेख गाळा, अमुक भाग वगळा, अशी विनवणी सुरू झाली. बाबासाहेबांनी ती साफ धुडकावली. परिषद बारगळली आणि न झालेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. ज्यांस जात मोडावयाची होती, पण जातीचा आधार मोडावयाचा नव्हता, त्यांचा बेत वाचकांनीच हाणून पाडला म्हणावयाचा.

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलने'स मात्र असे वाचक लाभले नाहीत. १८८२ सालच्या या पुस्तकाची बाजू फुल्यांनी 'सत्सार'मध्ये घेतली. इतरांनी ते विस्मृतीत जाऊ दिले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले, तोवर नव्वदांहून अधिक वर्षे लोटली होती. येथे कात्रीचेही काम पडले नाही.

"विचार पटतात हो, पण भाषा जरा सौम्य हवी होती," असे म्हणणारे सद्गृहस्थ आजही पुष्कळ भेटतात. त्यांस आमचे एवढेच विचारणे आहे, की सौम्यपणाची ही अट एकाच बाजूस का? १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने पत्रकर्त्यांनी सबंध स्त्रीजातीस दुराचारी ठरविले, त्यावरच ताराबाईंनी लेखणी उचलली. त्या पत्रकर्त्यांची भाषा कठोर होती, अशी तक्रार या सद्गृहस्थांपैकी एकानेही केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.