कर्ण आपला वाटला, पण...

वाचकहो, "मृत्युंजय वाचली नाही? मग वाचलंत तरी काय?" असं आम्हाला इतक्यांनी ऐकवलं, की शेवटी आमची आम्हालाच लाज वाटू लागली. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली आणि घराघरात वाचली गेली. "कर्ण म्हणजे आपलाच माणूस! सारथ्याच्या घरात वाढला म्हणून हिणवला गेला," असं एका मित्राने सांगितलं. मग काय, वाचनालयातून ते जाडजूड पुस्तक आणलं आणि रात्री जेवणं उरकल्यावर वाचायला बसलो.

सुरुवातीला रंगून गेलो, हे कबूल केलं पाहिजे. कर्ण, वृषाली, शोण, दुर्योधन, कुंती, कृष्ण आपापल्या तोंडाने हकीकत सांगतात. धाकटा भाऊ शोण बोलतो तेव्हा तर घरातलंच कुणी बोलतंय असं वाटतं. भर मैदानात कर्णाला कुळ विचारतात, तिथे आमचे डोळे भरून आले. तो प्रश्न आपल्याला नवा नाही.

पण पुढे मन खट्टू झालं. कर्णाचं तेज सूर्याचं, कवचकुंडलं जन्माची, आई राजकन्या. आमच्या कन्येला गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "पप्पा, म्हणजे कर्ण खरोखरच सारथ्याचा मुलगा असता, तर त्याचा अपमान बरोबर होता का? आणि शोण? तो तर अधिरथाचाच मुलगा!"

आम्ही गप्प झालो. नदीतून वाहत आलेलं लेकरू ज्यांनी पोटाशी धरलं, त्या राधा-अधिरथाच्या संस्काराची काहीच किंमत नाही काय?

महाभारताची कथाच तशी, लेखकाचा काय दोष, असं कोणी म्हणेल. तेही खरं. लेखकाने महाभारतातला कर्ण लिहिला. त्यात 'आपला माणूस' आम्हीच शोधत होतो. तो आम्हाला अण्णाभाऊ साठेंच्या 'फकिरा'त (१९५९) भेटला होता. फकिराला मोठं व्हायला राजाचं रक्त लागत नाही.

तेव्हा मुलांनी 'मृत्युंजय' मागितली तर जरूर द्या, भाषेचा आनंद मिळेल. पण आधीच तिचे गोडवे गाऊ नका. वाचून झाल्यावर एवढंच विचारा, "शोणबद्दल तुला काय वाटलं?" आणि नावाजलेलं पुस्तक मनाला भिडलं नाही, तर आपल्यालाच कळत नाही असं मुळीच समजू नका.