सारंगखेड्याला छायाचित्रकार हवेत

पाळीव प्राण्यांचे फोटो काढून पोट भरता येतं, याचं पुण्या-मुंबईत आता कुणाला नवल वाटत नाही. कुत्र्याच्या वाढदिवसाला कॅमेरावाला बोलावणारी घरं तिथं आहेत. नंदुरबार जिल्ह्यात अशा गिऱ्हाइकाच्या शोधात निघालेला तरुण बहुधा हात हलवत परतेल. त्यानं सारंगखेड्याला जावं.

शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंतीला तिथं भरणारा घोडेबाजार देशभर ठाऊक आहे आणि अलीकडे तो ‘चेतक फेस्टिव्हल’ म्हणूनही गाजतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे नुकरे असे शेकडो घोडे येतात, किमती लाखांत जातात. आता कितीतरी सौद्यांची बोलणी मोबाइलवर आलेल्या फोटोपासूनच सुरू होतात. आणि ते फोटो कसे? तोंड भलंमोठं, पुठ्ठा आखूड, चौथा पाय गायब, मागे चहाची टपरी.

यात घोड्याचा दोष नाही. मोबाइलचं रुंद भिंग जवळची वस्तू फुगवतं. म्हणून लांब उभं राहून झूम करायचं, कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या उंचीवर धरायचा आणि चारही पाय सुटे दिसेपर्यंत थांबायचं. मारवाडीची खूण त्याच्या आत वळलेल्या, टोकाला टोक भिडणाऱ्या कानांत असते. कान मागे पडलेले असताना काढलेला फोटो विक्रीच्या दृष्टीनं फुकट. जाणता फोटोग्राफर अशा वेळी चाऱ्याची पेंडी सळसळवतो, नाहीतर मोबाइलवर दुसऱ्या घोड्याचं खिंकाळणं वाजवतो. कान ताठ झाले की बटण दाबायचं. गिऱ्हाईक अंगावरचे केसांचे भोवरे बघतं, देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा आहे का विचारतं, पंचकल्याण असेल तर चारही पायांची आणि तोंडावरची पांढरी खूण तपासतं. हे सगळं त्या फोटोत दिसायला हवं. त्यासाठी कॅमेऱ्याइतकंच घोड्याचंही ज्ञान लागतं आणि ते घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराशेजारी बसून मिळतं.

प्राण्यांच्या छायाचित्रणाची सुरुवातीची मोठी गोष्ट घोड्याचीच आहे. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं लीलंड स्टॅनफर्ड या धनिकाच्या धावपट्टीवर बारा कॅमेरे रांगेनं लावले आणि भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, हे दाखवून दिलं. तोवर चित्रकार पुढचे-मागचे पाय ताणलेला घोडा रंगवत होते. डोळ्याला न दिसणारं खरं कॅमेऱ्यानं दाखवलं.

खरं दाखवणं हेच इथंही भांडवल आहे. फिल्टर मारून रंग उजळ करणं, लंगडता पाय चौकटीबाहेर ठेवणं हे एकदा जमेल. पुढच्या दत्तजयंतीला मात्र त्या माणसाकडे कुणी फिरकणार नाही. काटेरी लगाम घातलेल्या घोड्याचा फोटो तर काढूच नये. ओझं वाहणाऱ्या आणि गाडीला जुंपलेल्या जनावरांबाबतच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी तो लगाम निषिद्ध ठरवला आहे. ‘दोन पायांवर उभा करा, साहेब फोटो काढताहेत’ ही हौसही घोड्याच्या पाठीवर आणि सांध्यांवरच येते.

एका जत्रेवर वर्ष निघत नाही, हे उघड आहे. अकलूजचा घोडेबाजार दिवाळीच्या सुमारास असतो, नांदेडकडची माळेगावची यात्रा सारंगखेड्यानंतर. फिरायची तयारी असेल तर हंगाम लांबतो. पोळ्याला सजवलेल्या बैलजोडीसोबत घरच्यांचा नीट फोटो कुणाला नको असतो? जनावराच्या विम्यालाही कानातला बिल्ला स्पष्ट दिसणारा फोटो लागतो. त्याचे पैसे थोडे मिळतील, पण गावोगावी ओळख होईल. शिवाय लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या समोर नवरदेवाची घोडी दरवेळी उभीच असते. तिच्याकडे लक्ष जातं ते नवरदेव खाली उतरेपर्यंतच.

फेस्टिव्हलच्या आयोजकांनी यात थोडा हात द्यावा. बाजाराच्या कडेला, गर्दी आणि डीजेपासून दूर, एक सपाट मोकळी जागा आखावी, मागे साधा एकरंगी पडदा लावावा आणि शहादा, नंदुरबार, तळोद्याच्या पोरांना तिथं दर ठरवून काम करू द्यावं. मंडपाच्या खर्चात हे सहज बसेल.