काळ्या मातीवरची तीन मिलिमीटरची कातडी

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील व्यापारी कुटुंबांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रचना जुनी आहे. या घरांची जमीन शहाबादी फरशीची, मोझाइकची, नाही तर घोटलेल्या लाल कोब्याची. घरात लग्न ठरले की जमिनीचा विषय निघतोच, आणि अलीकडे त्या चर्चेत मायक्रोसिमेंट हे नाव ऐकू येते.

मायक्रोसिमेंट म्हणजे सिमेंट, अत्यंत बारीक खनिज भुकटी, पॉलिमर आणि रंगद्रव्य यांचे मिश्रण. ते थापीने पातळ थरांत ओढतात. सर्व थर मिळून जाडी भरते अवघी २ ते ३ मिलिमीटर. जुनी फरशी घट्ट असेल तर ती न उखडता तिच्यावरच हे काम होते. राडारोडा वाचतो, दारे खालून कापावी लागत नाहीत. भिंत, जिना आणि जमीन एका रंगात सलग दिसतात. फरशीचे सांधे झाकले गेल्याने मुंग्या-किड्यांना दडायला फटी उरत नाहीत, ही सोय जैन गृहिणीला विशेष भावावी.

साध्या अंगावर देखणा लेप चढवण्याची कल्पना मराठवाड्याला नवी नाही. छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात संगमरवर आहे तो मुख्यतः घुमटाला आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याला. मधला भाग काळ्या पाषाणाचा असून त्यावर घोटून चमकवलेला गिलावा आहे. गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यात या बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदलेला आहे. आण्यापर्यंतची ही नोंद हिशेबी माणसाला सुखावते. संगमरवराऐवजी गिलावा का, याचे उत्तरही बहुधा तिथेच असावे.

त्या गिलाव्याखाली दगड होता. परभणीच्या बहुतेक घरांखाली काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल, किंवा जोत्यात मुरुमाऐवजी हीच माती भरली असेल, तर जमीन दरवर्षी थोडी वर-खाली होते. फरशी असेल तर ही हालचाल सांध्यांत जिरते. मायक्रोसिमेंटला सांधा नाही. खालचा तडा जसाच्या तसा वर उमटतो. आतील जाळी केसासारख्या भेगा आवरते, पण हलत्या पायाला ती बांधून ठेवू शकत नाही.

म्हणून पहिला खर्च नमुन्यांवर नव्हे, तपासणीवर करावा. जुन्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके पक्की चिकटवावीत आणि शेजारी तारीख लिहावी. एक पावसाळा आणि एक उन्हाळा सरूनही ती अखंड राहिली, तर तडा थांबलेला आहे. ओलीसाठी दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर ओलीचा बंदोबस्त आधी करणे आले. कंत्राटदार म्हणेल, इतका वेळ कुठला? त्याला घाई असते, घरमालकाला तिथे राहायचे असते.

वरच्या मजल्याच्या स्लॅबला मातीचा थेट त्रास नसतो. स्लॅब नवा असेल तर तो २८ दिवस मुरल्याशिवाय काम सुरू करू नये. दुकानामागच्या तळमजल्यापेक्षा वरचा दिवाणखाना, जिन्याची भिंत किंवा पूजेच्या खोलीबाहेरील एखादी भिंत येथून सुरुवात केलेली बरी. काम शक्यतो हिवाळ्यात काढावे. मेच्या उन्हात थर घोटण्याआधीच वाळू लागतो.

या कातडीचे खरे कवच म्हणजे वरचा पारदर्शक लेप, बहुधा पॉलियुरेथेनचा. तो झिजला की स्वयंपाकघरातील हळद, लिंबू आणि चिंचेचे पाणी आत शिरते, आणि हळदीचा डाग सहजी जात नाही. संडास-न्हाणीचे आम्लयुक्त द्रावण या जमिनीवर कधीही टाकू नये. न्हाणीघरात लेप घसरडा नसलेलाच मागावा. हा लेप किती वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल आणि कोणत्या दराने, हे कंत्राटदाराकडून पावतीवर लिहून घ्यावे, तसेच उरलेल्या रंगाचा एक बंद डबाही मागून ठेवावा. पुढच्या खेपेला तोच रंग मिळेलच असे नाही.