फुकटच्या सेवेची किंमत

मोबाईलची विजेरी पेटायला काय लागते? बॅटरीतील थोडी वीज आणि एक प्रकाशदायी डायोड. तुमचा ठावठिकाणा लागत नाही. तरीही ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ हे विजेरीचे फुकट ॲप वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवीत होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2013 मध्ये त्यावर कारवाई केली.

कुणी म्हणेल, “माझी माहिती आहे, मी देईन.” पण ती एकट्याची असते काय? ॲपला फोनमधील नावांची यादी उघडून दिली, की आजीचा, मैत्रिणीचा, गुरुजींचा क्रमांकही जातो. त्यांना कुणी विचारले?

जे सर्वांचे आहे, त्याचा निर्णय कसा घ्यावा हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने दाखवले आहे. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील बांबू कुणी एकटा परस्पर विकत नाही. अभ्यासगटात चर्चा होते, मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते.

माझ्या मते माहितीलाही हाच न्याय लावावा. नकाशाला ठिकाण लागते, ते द्यावे. विजेरीला लागत नाही, तिला नाकारावे. दुसऱ्याची माहिती त्याला विचारल्याशिवाय देऊच नये. भारताच्या 2023 च्या कायद्यातही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तेव्हा ‘परवानगी द्या’ हे बटण दाबण्यापूर्वी घरी सर्वांनी मिळून विचार करा : या कामाला ही माहिती खरोखर लागते काय?