जोडी नको, थवा हवा!

परीक्षा संपली की घरोघरी एक हट्ट सुरू होतो : "बाबा, फिशटँक घेऊ या ना!" मग दोन फुटी काचेची पेटी येते आणि दुकानात नुसते रंग पाहून मासे निवडले जातात. एक सोनेरी, एक काळा, दोन लाल. दुकानदारही मासे जोडीनंच विकतो. आठ-पंधरा दिवसांत निम्मे मासे उलटे तरंगतात आणि पेटी जाते माळ्यावर!

तेव्हा आधी मासे नाही, घरचं पाणी बघा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी भरा, दुसरीत तेवढंच पावसाचं किंवा आर.ओ. फिल्टरचं. दोन्हींत साबणाचा चिमूटभर कीस टाकून खळखळून हलवा. बोअरच्या बाटलीत फेस कमी दिसला, तर ते पाणी जड. अहिल्यानगर जिल्ह्यात पुष्कळ गावांतून असंच होईल. तिथलं भूजल काळ्या बसाल्ट खडकातून झिरपतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येतं. पाणी तापवायच्या हंड्यात पांढरा थर बसतो ना, तो त्यांचाच.

दुकानात डोळे खेचून घेतो तो निऑन टेट्रा. पण तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या ओढ्यांत पाला कुजून पाणी चहासारखं तांबूस होतं, आणि अगदी मऊ असतं. बोअरच्या पाण्यात त्याला कशाला छळायचं?

त्यापेक्षा आपला झेब्रा डॅनिओ घ्या. हा भारतातलाच, संथ ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. जेमतेम दीड इंचाचा. (नाव झेब्रा, पण निळे पट्टे मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे!) जड पाणी त्याला चालतं, नगरकडची थंडीही तो सोसतो. मे महिन्यात मात्र टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. झाकण हवंच, कारण पठ्ठ्या उडी मारतो.

पण जोडी आणू नका, सहा आणा. थव्यातला मासा डोळ्यांनी आणि अंगावरच्या संवेदनरेषेनं शेजाऱ्याची हालचाल ओळखतो. शत्रूला मग नेमका कोणता पकडावा तेच कळत नाही. एकटा पडलेला डॅनिओ बुजतो, नाहीतर दुसऱ्यांची शेपटी कुरतडतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. वाळू वगळून ४५ धरा. त्यात सहा ते आठ डॅनिओ, बस्स. गर्दी नसली की वीज गेल्यावर पंप बंद पडला तरी मासे लगेच गुदमरत नाहीत.

वनस्पती माशांच्या आधी, दोन-तीन आठवडे. फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया मागच्या बाजूला लावा, तिला जड पाणी मानवतं. जोडीला हायड्रिला, तीच शाळेच्या प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगातली. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू या काळात वाळूत जम बसवू लागतात, झाडंही थोडा शोषून घेतात. पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाचं असेल तर एक दिवस उघड्या बादलीत ठेवून, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो.

दुकानदार एक 'टाकी साफ करणारा' सकर मासाही पुढे करील. नको म्हणा! दक्षिण अमेरिकेतला हा मासा फूटभर वाढतो आणि कंटाळलेले लोक तो नदीत सोडतात. कर्जत तालुक्याच्या दक्षिणेला, भीमेवरच्या उजनी जलाशयात, तो आज मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. आणि आपली हायड्रिला? ती १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडाला गेली आणि तिथल्या तळ्या-कालव्यांत माजली.

म्हणून नको झालेला मासा दुकानदाराला किंवा मित्राला द्या, मुळा-प्रवरेत किंवा विहिरीत सोडू नका. छाटलेली हायड्रिला उन्हात खडखडीत वाळवा आणि कुंडीत घाला. गुलाबाला चालते.